सुट्टीवरून परतलेल्या कामगाराला क्वारंटाईनचा पगार द्यावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बर्मिंगहॅमजवळ तुमची खाद्यपदार्थ पॅक करणारी चाळीस माणसांची कंपनी आहे आणि पुढची साथ आली तर काय करायचं, याचं रजाधोरण तुम्ही लिहिताय. मालक म्हणतात, "साथ चालू असताना जो मौजेसाठी परदेशात गेला, त्याचे घरी बसण्याचे दिवस आम्ही का भरायचे? जे मुकाट्याने इथेच थांबले त्यांच्यावर हा अन्याय आहे." तुम्हाला ते मनातून पटत नाही, पण समोर ठेवायला मुद्दाही सापडत नाही.

मी बावीस वर्षं पगार, हजेरी आणि रजा हेच काम करते आहे. पहिली सहा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गेली, नंतर इथे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात छोट्या कंपन्यांचे पगार बघते. २०२० आणि २०२१ मध्ये या एकाच प्रश्नावर मला किती फोन आले, याची गणती नाही. आधी मत सांगते, मग कारणं. सरकारी आदेशाने जो घरी बसला त्याला पगाराचा एक किमान आधार मिळालाच पाहिजे, तो कुठे आणि कशाला गेला होता हे न विचारता. त्यावर आणखी किती द्यायचं ते परिस्थिती बघून ठरवावं. आणि सुट्टीचा खर्च, म्हणजे तिकीट, हॉटेल, बुडालेलं बुकिंग, यातली एक पेनीही कंपनीने देऊ नये.

तुमचा आणि मालकांचा वाद तो माणूस मदतीला पात्र आहे की नाही, यावर अडकलाय. मी तिथून सुरुवात करणार नाही. क्वारंटाईन कोणासाठी असतं, ते आधी बघू. आजारी माणसाला रजा देतो ती त्याला बरं वाटावं म्हणून. क्वारंटाईनमधला माणूस मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याला घरात बसवायचं ते बसमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठी, पॅकिंगच्या लाईनवर त्याच्या समोर उभ्या असलेल्या बाईसाठी. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, ते दुबईच्या सहलीहून परतलेलं जोडपं होतं. पाठोपाठ ज्यांना लागण झाल्याचं कळलं, त्यांत त्यांची मुलगी होती आणि त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीचालकही होता. तो कुठल्याच सहलीला गेला नव्हता, त्याने फक्त एक भाडं मारलं होतं. परतलेल्या प्रवाशाला चौदा दिवस घरी बसवलं की वाचतो तो असा माणूस. त्याच महिन्यात महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली. घराबाहेर पडू नकोस, हे शिक्का सांगत होता. हातावर पोट असलेल्याने तोवर खायचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

आता इथलं, म्हणजे ब्रिटनमधला २०२० चा उन्हाळा. ८ जून २०२० पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला चौदा दिवस घरी बसणं सक्तीचं झालं, आणि इंग्लंडमध्ये ते मोडलं तर १००० पौंड दंड. मग १० जुलैपासून सरकारने काही देशांना सूट दिली. त्यात स्पेन होता. लोकांनी ती यादी बघूनच तिकिटं काढली. शनिवारी, २५ जुलैला संध्याकाळी जाहीर झालं की मध्यरात्रीपासून स्पेनची सूट बंद. हातात काही तास. खुद्द वाहतूक मंत्री ग्रँट शॅप्स त्या वेळी सुट्टीसाठी स्पेनमध्ये होते. यादी ज्यांच्या खात्याची, त्यांच्यावर ही पाळी आली, तर तुमच्या लाईनवरच्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं असं म्हणणं मला जमत नाही.

त्या रविवारी सकाळी साडेआठलाच माझा फोन वाजायला लागला. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, एसएसपी द्यायचा ना? एसएसपी म्हणजे कायद्याने ठरलेला आजारपणाचा पगार, तेव्हा आठवड्याला ९५.८५ पौंड. कोविडमुळे घरी बसणाऱ्यांना तो चौथ्याऐवजी पहिल्या दिवसापासून मिळत होता. मी नियम उघडून बसले आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागलं, की नाही, द्यावा लागत नाही. लक्षणं असतील, घरातलं कोणी बाधित असेल, तर एसएसपी. केवळ परदेशातून आल्यामुळे घरी बसावं लागलं असेल, तर शून्य. सरकार म्हणत होतं, मालकांनी समजून घ्यावं आणि ज्यांचं भागत नाही त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या सरकारी मदतीसाठी अर्ज करावा. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. क्वारंटाईन दोन आठवड्यांचं होतं.

हिशेब मांडून बघा, मालकांपुढे हाच कागद ठेवा. २०२० मध्ये पंचवीस वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला ८.७२ पौंड होतं. चाळीस तासांचा आठवडा धरला तर ३४८.८० पौंड, दोन आठवड्यांचे ६९७.६०. एसएसपी मिळाला असता तरी दोन आठवड्यांचे १९१.७० हातात आले असते. मार्चमध्ये आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांना टीव्हीवर विचारलं होतं की एसएसपीवर तुम्ही जगू शकाल का, तेव्हा त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. स्पेनहून परतलेल्यांना तर तेवढेही मिळणार नव्हते. घरभाडं, वीज, किराणा थांबत नाही. शिवाय बहुतेकांची शिल्लक नुकतीच सुट्टीत संपलेली.

यात एक गोष्ट मला तेव्हाही फार खटकली आणि आजही खटकते. एकाच कंपनीतले दोघं एकाच विमानाने परतले, एक हिशेब विभागातला आणि एक पॅकिंगमधला. हिशेबवाला सोमवारी लॅपटॉप उघडून बसला, त्याचा एक पौंडही गेला नाही. पॅकिंगवाल्याचे दोन आठवडे बुडाले. दोघांनी केलेली सहल तीच, मौज तीच, आणि मालकांच्या भाषेत बेजबाबदारपणाही तोच. म्हणजे पगार कापून आपण प्रवासाची शिक्षा देत नव्हतो. ज्याचं काम हाताने करायचं आहे आणि घरी नेता येत नाही, त्यालाच ती बसत होती.

आता त्याचा परिणाम. माझ्याकडे एका बेकरीचं काम होतं. स्पेनहून परतलेल्या एका मुलाने प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं. मालकाने त्याला दोन आठवडे बिनपगारी रजेवर टाकलं. कायद्याने ते चूक नव्हतं आणि मीही मालकाला तसंच सांगितलं. ऑगस्टमध्ये फ्रान्सची सूट गेली, शनिवारी १५ तारखेला पहाटे चारपासून. त्यानंतर परतलेला दुसरा एक कामगार सोमवारी गुपचूप कामावर हजर झाला. चार दिवसांनी कोणीतरी त्याचे फोटो बघितले आणि बोभाटा झाला. सुदैवाने कोणाला लागण झाली नाही. मालक संतापून म्हणाले, याला काढूनच टाकतो. मी त्यांना विचारलं, जुलैमध्ये खरं बोलणाऱ्याचं काय झालं, ते याने पाहिलं नसेल का? ते बराच वेळ गप्प होते. त्यांना मी जुलैतच सांगायला हवं होतं की कायद्याने द्यावं लागत नाही, म्हणून देता येत नाही असं नाही. ते मी सांगितलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे. तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय त्याचं एक कारण तेही आहे.

तर आतापर्यंतचं एवढं. घरी बसण्याचा फायदा इतरांना, तोटा एकट्याला, आणि तोही हातकाम करणाऱ्याला. असा व्यवहार फार काळ टिकत नाही, लोक लपवायला लागतात.

पण सगळ्यांना सरसकट पूर्ण पगार द्या, असं मी म्हणत नाही. इथे परिस्थितीचा विचार करावाच लागतो, आणि पहिली गोष्ट बघायची ती तारीख. निघाला तेव्हा नियम काय होता? जर्मनीत संसर्गाच्या कायद्याखाली क्वारंटाईन झालेल्याला बुडालेल्या कमाईची भरपाई मिळते. पहिले सहा आठवडे मालक पैसे देतो आणि सरकारकडून परत घेतो. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं की निघतेवेळी जो भाग धोक्याचा म्हणून जाहीर झालेला होता, तिथे टाळता येण्यासारखा प्रवास केला तर भरपाई नाही. न्यूझीलंडने सरकारी विलगीकरणाचे पैसे घ्यायला ११ ऑगस्ट २०२० पासून सुरुवात केली, खोलीतल्या पहिल्या प्रौढ माणसाचे ३१०० न्यूझीलंड डॉलर. पण आधीपासून बाहेर अडकलेले आणि आता कायमचे परतणारे नागरिक त्यातून वगळले. पैसे घेतले ते नियम आल्यावर देश सोडून गेलेल्यांकडून आणि नव्वद दिवसांपेक्षा कमी काळासाठी येणाऱ्यांकडून. दोन्हीकडे रेषा एकाच जागी ओढली आहे, माहीत असताना गेलास की नव्हतं तेव्हा.

ती रेषा मला बरीचशी मान्य आहे. जर्मनीशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. ते माहीत असताना गेलेल्याला शून्यावर आणतात, आणि शून्यावर आलेला माणूस लपवतो. शिवाय धोक्याच्या भागातून आलेल्या माणसानेच घरी बसणं सगळ्यात गरजेचं असतं. ज्याने घरी थांबावं असं आपल्याला सर्वांत जास्त वाटतं, त्यालाच बाहेर पडायचं सर्वांत मोठं कारण द्यायचं, हे मला उलटं वाटतं. म्हणून किमान आधार त्यालाही द्यावा, वरचं काही देऊ नये.

दुसरी गोष्ट 'सुट्टी' या शब्दाची. पगाराच्या कागदावर सगळ्या वार्षिक रजा सारख्याच दिसतात. समुद्रकिनाऱ्यावर पडून राहायला गेलेला आणि आईचं ऑपरेशन म्हणून साताऱ्याला गेलेला, दोघांचा फॉर्म एकच. आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २३ एप्रिल २०२१ ला पहाटे चारपासून भारत इथल्या लाल यादीत गेला, म्हणजे तिथून येणाऱ्याला स्वखर्चाने क्वारंटाईन हॉटेलात राहणं सक्तीचं झालं. तिकडे दुसरी लाट शिगेला पोचली होती, इकडे प्रत्येक मराठी घरात फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. माझ्या ओळखीतली एक गोदामात काम करणारी बाई वडील अत्यवस्थ आहेत म्हणून त्याच्या आठवडाभर आधी नाशिकला गेली. वडील गेले. परत येताना तिला हॉटेलात दहा दिवस काढावे लागले, त्याचे १७५० पौंड. कायद्याने आई-वडील गेल्यावर पगारी रजेचा हक्क इथे नव्हता, म्हणून तिने घेतली होती ती वार्षिक रजाच. तिच्या कंपनीच्या नोंदीत ती बाई 'साथीत सुट्टीवर गेलेली' होती. तिच्या पर्यवेक्षकाने सगळ्यांसमोर विचारलं, "मग, कशी झाली ट्रिप?" त्याला माहीत नव्हतं. तिने उत्तर दिलं नाही.

म्हणून मी सांगते, किमान आधार द्यायच्या आधी कारण विचारूच नका. कारण विचारलं की कोणाचं दुःख खरं आणि कोणाचं पुरेसं नाही, हे ठरवायला एक माणूस बसवावा लागतो. तुमच्या कंपनीत तो माणूस तुम्ही असाल. मी ते काम केलंय. लोक आईचे रिपोर्ट, मृत्यूचे दाखले घेऊन येतात आणि टेबलावर ठेवतात. किमान पगारासाठी कोणावर ती वेळ येऊ नये. वरच्या रकमेसाठी कोणी आपण होऊन सांगितलं तर जरूर ऐकावं.

आता मालकांचा खरा मुद्दा, जे थांबले त्यांचं काय? तो मुद्दा हलका नाही. त्या वर्षी कित्येकांनी लग्नं पुढे ढकलली, नातवंडांचं तोंड पाहिलं नाही, बुकिंगचे पैसे सोडून दिले. त्यांच्या शेजारचा मायोर्काहून काळवंडून परततो आणि घरी बसून पगार घेतो, तर राग येणारच. मी त्या रागाला नावं ठेवत नाही. पण त्यांच्यापुढे प्रश्न असा मांडून बघा. तो परत आलाच आहे. आता सोमवारी तो तुमच्या शेजारी लाईनवर उभा राहिलेला चालेल, की घरी थांबलेला? मी हे एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत प्रत्यक्ष विचारलं होतं. तिथली सगळ्यात जास्त चिडलेली बाई, जिची सासू घरी ऑक्सिजनवर होती, तीच पहिल्यांदा म्हणाली, घरी थांबू दे त्याला. थांबलेल्यांचा त्याग मानायचा असेल तर वेगळ्या मार्गाने माना. त्यांची शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेऊ द्या. मार्च २०२० मध्ये सरकारने कोविडमुळे घेता न आलेल्या रजेचा काही भाग पुढच्या दोन वर्षांत न्यायची मुभा दिली होती, तसं तुम्ही आपल्या धोरणात आधीच लिहून ठेवू शकता. एकाचा पगार कापल्याने दुसऱ्याची बुडालेली सुट्टी परत येत नाही.

आणि मालकांच्या बाजूनेही एक सांगायलाच हवं. चाळीस माणसांच्या कंपनीत एकाच आठवड्यात पाच जण परतले, तर दोन आठवड्यांचा पगार आणि वर बदली कामगारांचा खर्च हा मोठा आकडा आहे. आदेश सरकारचा, तर बिलही सरकारने उचलायला हवं. २०२० मध्ये अडीचशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कंपन्यांना कोविडच्या एसएसपीचे दोन आठवड्यांपर्यंतचे पैसे सरकार परत देत होतं. पण प्रवाशांना एसएसपीच लागू नव्हता, मग परत मिळणार काय? २८ सप्टेंबरपासून कमी उत्पन्नाच्या लोकांना घरी बसायला सांगितलं तर ५०० पौंड मिळू लागले, तेही बाधितांना आणि बाधितांच्या संपर्कातल्यांना. बर्मिंगहॅमच्या बसमध्ये संपर्क आला तर पाचशे, माद्रिदच्या विमानातून आलात तर काही नाही. विषाणू दोन्हीकडे तोच. पुढच्या वेळी सरकार काय करेल, ते तुमच्या हातात नाही. म्हणून धोरणात असं लिहा की सरकारी मदत उपलब्ध झाली तर ती कंपनीच्या रकमेत धरली जाईल. मालकांना त्याने थोडा धीर येईल.

मसुदा मी असा करीन. सरकारी आदेशाने विलगीकरणात गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून किमान एसएसपीइतकी रक्कम, एसएसपीच्या कायदेशीर अटी तो पूर्ण करत नसला तरी. (दर आणि अटी बदलत असतात, लिहिताना चालू वर्षाचे बघा, आकडा थेट घालू नका.) निघताना ठिकाण मोकळं होतं आणि मध्येच नियम बदलला, तर पहिल्या आठवड्याचा पूर्ण पगार आणि दुसऱ्याचा निम्मा. हे प्रमाण मी माझ्या अनुभवावरून सांगतेय, तुमच्या तिजोरीला झेपेल तसं बदला. ठिकाण आधीच क्वारंटाईन लागणाऱ्या यादीत होतं, तर फक्त किमान रक्कम. कामगाराला हवं असेल तर वरून स्वतःची शिल्लक रजा वापरू द्या. ती त्याच्यावर लादू मात्र नका. तशीही ती अचानक लादता येत नाही, कारण इथल्या कायद्याने मालकाला रजा घ्यायला लावायची तर जितके दिवस रजा त्याच्या दुप्पट दिवस आधी सूचना द्यावी लागते. चौदा दिवसांसाठी चार आठवडे, तोवर माणूस घरी बसून परतही आलेला असतो. हॉटेलचा खर्च कंपनीचा नाही, पण पगारातून हप्त्याहप्त्याने फेडायची बिनव्याजी उचल देता आली तर जरूर द्या. त्या नाशिकच्या बाईला तिच्या कंपनीने तशी दहा महिन्यांची उचल दिली होती आणि ती तिने वेळेआधी फेडली.

शिस्तभंगाची कारवाई फक्त लपवल्याबद्दल ठेवा, गेल्याबद्दल नको. परतल्यावर भरायच्या फॉर्मवर दोनच प्रश्न पुरेत, कुठून आलात आणि कधी आलात. कशासाठी गेला होतात, हा रकाना काढून टाका.

आणि हे सगळं लोकांनी तिकिटं काढायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच नोटीस बोर्डवर लावा. परतल्यावर दाखवलेलं धोरण लोकांना त्यांच्यासाठी रचलेलं वाटतं. तुमच्याकडे पाळ्या किती आहेत आणि लाईनवर एका वेळी किती जण लागतात, ते कळवलंत तर पाच जण एकदम घरी बसले तर खर्च किती येईल, त्याचा हिशेब मी करून पाठवते. मालकांशी बोलायला जाल तेव्हा तो कागद हातात असलेला बरा.